शिक्षा हवी, पण दार बंद नको
२०१२ च्या दिल्ली सामूहिक अत्याचार प्रकरणात अल्पवयीन आरोपीला तीनच वर्षे सुधारगृहात ठेवले गेले आणि लोक संतापले. पुढे बाल न्याय कायदा बदलला. जानेवारी २०१६ पासून १६ ते १८ वयाच्या मुलाने घोर गुन्हा केल्यास बाल न्याय मंडळ त्याची समज व परिस्थिती तपासते. गरज वाटल्यास प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवते. फाशी मात्र देता येत नाही. २१ वर्षांपर्यंत तुरुंगही नाही.

आम्हा शिक्षकांना हे रास्त वाटते. पीडितांना इन्साफ मिळालाच पाहिजे. पण सोळाव्या वर्षीच सुधारण्याची उमेद संपवणे हा इन्साफ नव्हे.

पालकहो, मुलगा रात्री कुठे, कोणाबरोबर असतो, हे मंडळाने विचारण्याआधी आपणच विचारूया.