मोठीमायची ओवी

छत्तीस वर्षें मीं शाळेंत मराठी शिकविलें. छंदांचा धडा आला म्हणजे फळ्यावर 'ओवी' हा शब्द लिहावयाचा, साडेतीन चरण, पहिल्या तीन चरणांचें यमक, अक्षरसंख्येचें बंधन सैल, हीं लक्षणें सांगावयाचीं, ज्ञानेश्वरींतील उदाहरण द्यावयाचें आणि घंटा झाली कीं वर्गाबाहेर पडावयाचें, असा माझा परिपाठ होता. समोर बसलेल्या मुलांपैकीं कित्येकांच्या आज्या घरीं ओव्या म्हणत आल्या होत्या, ही गोष्ट त्या छत्तीस वर्षांत मीं एकदांहि वर्गांत काढली नाहीं. आज त्याच ओवीविषयीं बोलावयाचें आहे; परंतु पुस्तकांतल्या ओवीविषयीं नव्हे, तर बीड जिल्ह्यांतील एका खेड्यांत जात्यापाशीं बसणाऱ्या एका बाईच्या ओवीविषयीं.

ही बाई म्हणजे माझी थोरली चुलती. तिला आम्ही घरांतलीं सारीं मुलें मोठीमाय म्हणत असूं. तिला अक्षरओळख नव्हती. आणि चार लोकांनीं नोंद घ्यावी असें तिच्या आयुष्यांत कांहीं घडलेंहि नाहीं. तिचा दिवस कोणत्या लहानसहान सुखांनीं भरलेला होता, हें जाणण्यास तिच्या ओव्यांवांचून दुसरें साधन नाहीं. म्हणून प्रथम जातें आणि ओवी यांचा संबंध काय, तें थोडक्यांत पाहूं.

जातें म्हणजे दगडाच्या दोन वाटोळ्या तळ्या. खालची तळी स्थिर असते व तिच्या मध्यभागीं खुंटी असते; वरची तळी त्या खुंटीभोंवतीं फिरते. वरच्या तळीच्या तोंडांतून धान्याची एकेक मूठ आंत सोडावयाची. तिला वैरण म्हणतात. कडेला लांकडी खुंटा असतो, तो धरून तळी फिरवावयाची. तळ्यांचे आंतले पृष्ठभाग टाकीनें मुद्दाम खडबडीत केलेले असतात. ते झिजून गुळगुळीत झाले म्हणजे दाणा नुसता भरडला जातो. मग जात्याला पुन्हां टाकी लावून घ्यावी लागते. आमच्याकडचें मुख्य धान्य ज्वारी. तिचें पीठ शिळें झालें कीं त्याची विरी जाते आणि भाकरी थापतांना कडा फाटतात. म्हणून दळण रोजचें, आणि तेंहि गांव जागें होण्यापूर्वीचें.

ज्या कामांत हात एकाच गतीनें फिरत राहतो आणि मन मोकळें असतें, त्या कामाला गाण्याची सोबत लागते. खुंटा ओढण्याला आणि लोटण्याला निरनिराळा जोर लागतो. त्याच हेलकाव्यावर ओवीची ओळ चालते. शब्द अपुरा पडला तर 'बाई', 'माझ्या', 'सांगतें' असें कांहीं तरी घालून फेरा पुरा करावयाचा. छंदःशास्त्रज्ञ अक्षरें मोजतो, दळणारी बाई फेरे मोजते. दोघी समोरासमोर बसल्या तर एकीनें ओळ उचलावयाची व दुसरीनें ती पुरी करावयाची. त्यामुळें जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. पहिली ओवी देवाला, मग आईबापांना, भावाला, लेकराला, अशी क्रमानें ओव्या वाहण्याची रीत आहे. या ओव्यांत मुलगा हा राघू असतो, मुलगी ही मैना असते आणि शेजारीण ही शेजी असते.

ही रीत किती जुनी असावी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत, म्हणजे सुमारें ११२९ सालीं, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी झाली १२९० सालीं. ज्या छंदांत ज्ञानेश्वरांनीं गीता सांगितली, तो त्यापूर्वीं दीडशें वर्षांहून अधिक काळ बायकांच्या तोंडीं खेळत होता. ज्यांची समाधि आमच्या अंबाजोगाईस आहे, त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हाहि ओवीबद्धच आहे. परळीच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई दळावयास बसली कीं विठ्ठल येऊन खुंटा धरीत असे, ही कथा आपण सर्व जाणतां. बाईजवळ दोन घटका बसावयाचें तर देवालाहि जात्यापाशींच यावें लागलें!

आतां मोठीमायकडे वळूं. तिच्या पहांटेंत सुखें होतीं, पण तीं इतकीं बारीक होतीं कीं दुसऱ्या कोणाला तीं सुखें वाटलींच नसतीं. पौषाच्या थंडींत जात्याभोंवतीं सांचलेलें कोंवट पीठ ती क्षणभर हाताच्या पाठीला लावून बघे. अर्धवट उघड्या दारांतून शुक्राची चांदणी कोणत्या घराच्या माथ्यावर आली आहे, यावरून ती वेळ ओळखी. नव्या बांगड्या भरल्या असल्या म्हणजे त्यांचा खुंट्यावर होणारा किणकिणाट ऐकण्यासाठीं ती हात जरा सैल सोडी. उजाडतां उजाडतां दोनचार चिमण्या जात्यापर्यंत येत. त्यांच्यासाठीं सुपांतले पांचपन्नास दाणे ती मुद्दाम सांडी आणि सासूनें पाहिलें तर "सांडले बाई" म्हणे. हें सारें तिच्या ओव्यांत येई. चिमण्या तर नांवानिशीं येत.

परंतु तिचें खरें लक्ष असे शेजारच्या जात्याकडे. त्या काळीं पहांटे गल्लींत पांचसात जातीं एकदम सुरू होत आणि घरघरीवरून कोणतें कोणाचें हें तिला अचूक कळे. कोणाच्या जात्याला टाकी लावावयास झाली आहे, कोणती सून माहेराहून परत आली आहे, कोणाच्या घरीं पाहुणे उतरले आहेत, हें ती दळतां दळतां सांगे. कांहीं सकाळीं मात्र उजाडल्यावर ती माझ्या हातीं पिठाचा गडवा देई आणि म्हणे, "जा रे बाळा, शेजीकडनं पीठ उसनं आणलं व्हतं, देऊन ये." मी देऊन येत असें. शेजारीणहि एक अक्षर न बोलतां गडवा रिता करून परत देई. आमच्या घरीं उसनें पीठ कधीं आलेंच नव्हतें, हें मला मोठेपणीं समजलें. शेजीचें जातें त्या पहांटे नेहमीपेक्षां लौकर थांबलेलें असे, एवढाच त्याचा अर्थ.

१९७२ च्या दुष्काळांत गल्लींतलीं बहुतेक जातीं लौकर थांबूं लागलीं. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. लोक तिला मिलो म्हणत. बायका दिवसभर खडी फोडण्याच्या कामावर जात. त्या वर्षीं मोठीमायच्या तोंडीं ओवी क्वचितच आली. पिठाचे गडवेहि थांबले. कारण देण्यासारखें आमच्याहि घरीं कांहीं उरलें नव्हतें.

पुढें १९७४ सालीं मी मॅट्रिकच्या परीक्षेपूर्वीं अभ्यासासाठीं गांवीं आलों होतों. ओसरीवर निजलों असतां पहांटे जात्याच्या आवाजानें जाग आली आणि ओवींत मी स्वतःच ऐकूं आलों. राघूच्या बोटांना शाई लागली, बोटें धुतांना घंगाळांतलें पाणी निळें झालें, असा तिचा आशय होता. आदल्या संध्याकाळीं मीं खरोखरच तिच्या घंगाळांत हात धुतले होते. अशा वेळीं मुलाला आनंद व्हावा. मला लाज वाटली. शहरांतल्या शाळेंत शिकणाऱ्या मुलाचें गाणें जात्यावर व्हावें, हें मला गांवढळपणाचें वाटलें. मी म्हणालों, "मोठीमाय, जरा गप बस कीं, मला अभ्यास करायचाय." ती गप्प बसली. जातें चालूंच राहिलें, कारण दळण थांबवितां येत नव्हतें. त्यानंतर मी घरीं असेन त्या पहांटे ती ओवी ओठांतल्या ओठांतच म्हणे.

दोनचार वर्षांनीं गांवांत पिठाची गिरणी आली आणि जातीं एकामागून एक परसांत गेलीं. यांत वाईट वाटून घेण्यासारखें कांहीं नव्हतें. मोठीमायच्या तळहाताला पडलेले घट्टे मीं पाहिले आहेत. बाळंतपणाला महिना होतो न होतो तोंच खुंटा हातीं धरणाऱ्या बायकाहि पाहिल्या आहेत. जातें परत यावें असें कोणी म्हणेल, तर त्यानें आधीं आठ दिवस स्वतः दळून पाहावें. तथापि एक गोष्ट खरी आहे. गिरणी साऱ्या गांवाची एकच असते. तिच्या आवाजावरून कोणाच्या घरीं दाणा संपला हें कळत नाहीं.

ओव्यांचें मोल जाणणारे लोक मात्र आपल्यांत निघाले. फ्रान्सांतून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं १९८० नंतर खेडोपाडीं जाऊन जात्यावरच्या ओव्या टिपून घेण्याचें कार्य चालविलें. एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोळा केल्या. आमच्या जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रियांच्या ओव्या १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयींच्या ओव्या आहेत. जें जें बाईच्या जिवाला भिडलें, तें तें ओवींत आलें, याची ही साक्ष आहे. ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संस्थेमुळें या संग्रहांतील कित्येक ओव्या आज कोणासहि घरबसल्या ऐकतां येतात.

त्याविषयीं वाचल्यावर मीहि वही घेऊन गांवीं गेलों. मोठीमायनें तेव्हां ऐंशी ओलांडली होती आणि तिला दिसतहि कमी होतें. "मला काय येतंय आतां," ती म्हणाली. आणि खरोखरच एक ओळ तिला आठवेना. अखेर पुतण्यानें परसांतलें जातें धुवून ओसरीवर मांडलें. मीं मूठभर ज्वारी आंत सोडली व तिचा हात खुंट्यावर ठेवला. चारसहा फेरे मुकाट्यानें झाले, आणि मग ओवी आली. तासाभरांत तीस-चाळीस ओव्या मीं उतरून घेतल्या. त्या तिच्या स्मरणांत नसून हातांत राहिल्या होत्या, असेंच मला वाटलें.

शेवटीं मीं विचारलें, "मोठीमाय, शाईची ओवी आठवती का?" ती हंसली व म्हणाली, "ती त्या दिसाची व्हती रे. दुसऱ्या दिशी दुसरी." ती ओवी मला मिळाली नाहीं. मोठीमाय आतां हयात नाहीं. वही माझ्याजवळ आहे.

श्रोतेहो, आपल्या घरांत एखादी वृद्ध स्त्री असेल. तिनें जातें ओढलें असेल किंवा नसेल. कांडण, पाणी, शेण, शेत, शिवण, यांपैकीं कांहीं तरी तिच्या हातांनीं पुष्कळ केलें असेल. आमच्याकडच्या ऊस तोडावयास जाणाऱ्या बायकांचा दिवस आजहि उजाडण्यापूर्वींच सुरू होतो. त्यांच्याहि मनांत तेव्हां कांहीं ना कांहीं येत असेल. अशा बाईजवळ वही घेऊन बसा. तिला नुसतें 'आठव' म्हणूं नका; तिच्या हातीं तिचें जुनें काम द्या आणि वाट पाहा. तिचे शब्द शुद्ध करूं नका. आणि ती बोलूं लागली असतां, आपणांस कितीहि महत्त्वाचा अभ्यास करावयाचा असला, तरी तिला गप्प बसावयास सांगूं नका.