‘आउट ऑफ मेमरी’ : संगणकाचा संदेश आणि किडीचे छायाचित्र

खरीप हंगामात सांगली, सोलापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतून किडींच्या ओळखीसाठी बंगळुरूला छायाचित्रे येतात. त्यांच्याबरोबर एक तक्रारही वारंवार येते. कॅमेऱ्यातील छायाचित्रे संगणकावर घेताना काम निम्म्यावर थांबते आणि पडद्यावर ‘आउट ऑफ मेमरी’ हा संदेश उमटतो. कार्ड भरले असावे असे समजून काही जण जागा करण्यासाठी त्यावरील छायाचित्रे पुसून टाकतात. या उपायाने अडचण दूर होत नाही. मात्र शेतातील पुरावा कायमचा नष्ट होऊ शकतो.

छायाचित्राचे मोल

२०१८ मध्ये कर्नाटकातील मक्यावर अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजीपेर्डा) आढळली. भारतातील ही तिची पहिली नोंद होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने तिच्याविषयी सावधगिरीची सूचना प्रसृत केली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि आठव्या उदरखंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठळक काळे ठिपके असतात. मूळ, स्पष्ट छायाचित्रात या खुणा दिसल्या तर प्राथमिक निदान त्याच दिवशी करता येते. अंतिम खात्रीसाठी नमुना तपासावाच लागतो, परंतु नमुना कोठून व केव्हा गोळा करायचा हे छायाचित्रामुळे ठरते. अळी लहान असताना नियंत्रण सोपे असते. ती मोठी होऊन पोंग्यात शिरली आणि पोंगा विष्ठेने भरला की फवारणीचे द्रावण तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून चार-पाच दिवसांचा विलंबही महाग पडतो.

दोन वेगळ्या ‘मेमरी’

गोंधळाचे मूळ शब्दात आहे. कार्ड आणि हार्ड डिस्क ही साठवणीची जागा होय. वीज गेली तरी तेथील माहिती टिकते. ‘रॅम’ ही संगणकाची काम करण्याची जागा होय. संगणक बंद होताच ती रिकामी होते. ‘आउट ऑफ मेमरी’ हा संदेश सामान्यतः या दुसऱ्या जागेविषयी असतो. साठवणीची जागा संपली, तर संदेशात बहुधा ‘डिस्क फुल’ किंवा ‘कार्ड फुल’ असे शब्द येतात.

पोत्यात भरलेले सोयाबीन थोड्या जागेत मावते. तेच वाळवण्यासाठी पसरले तर सारे खळे व्यापते. छायाचित्राचेही तसेच आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० × ४००० बिंदूंचे, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचे असते. कार्डावर ते दाबून साठवलेले असल्याने साधारण १० एमबी जागा घेते. पाहण्यासाठी उघडताना मात्र प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा या रंगांसाठी ३ बाइट लागतात आणि तेच चित्र रॅममध्ये ७२ एमबी व्यापते. अशी ३० चित्रे एकदम उघडली तर २ जीबीपेक्षा अधिक जागा लागते. जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोजमध्ये साधारणपणे २ जीबीचीच मर्यादा असते. संगणकात ८ जीबी रॅम असली तरी त्याला तिचा लाभ मिळत नाही.

नुसती नक्कल करण्यासाठी एवढी जागा लागत नाही. त्या कामात संगणक फाइलचे लहान लहान भाग वाचतो आणि पुढे लिहीत जातो. चित्र ‘पसरावे’ लागत नाही. छायाचित्रे आयात करणारे काही प्रोग्रॅम मात्र नक्कल करतानाच प्रत्येक चित्र उघडतात, त्याची लहान प्रतिमा तयार करतात आणि ते सरळ फिरवतात. काम झाल्यावर वापरलेली जागा मोकळी करण्यात प्रोग्रॅम चुकला, तर पहिली शे-दीडशे चित्रे सुरळीत येतात आणि नंतर काम अडते.

काही वर्षांपूर्वी मीही ही चूक केली आहे. आयात करताना ‘नक्कल झाल्यावर कार्डावरून पुसा’ हा पर्याय निवडलेला राहिला होता. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला. नंतर पाहतो तो काही चित्रे कार्डावर नव्हती आणि संगणकावर त्यांच्या अर्धवट फाइल होत्या. अळीची चित्रे वाचली. ती ज्या झाडावर होती त्या झाडाची गेली. यजमान वनस्पतीचा पुरावा नसल्याने ती नोंद मला वापरता आली नाही.

सुरक्षित कार्यपद्धती

१. कार्ड कॅमेऱ्यातून काढून कार्ड रीडरमध्ये घालावे. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला असलेली कळ ‘लॉक’कडे सरकवावी, बहुतेक रीडरमध्ये त्यानंतर कार्डावरील काही पुसले जात नाही.

२. ६४ जीबी किंवा मोठे कार्ड जुन्या रीडरला वाचता येत नाही, असे होऊ शकते. संगणकाने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास नकार द्यावा आणि दुसरा रीडर वापरून पाहावा.

३. आयात करणारा प्रोग्रॅम न वापरता ‘डीसीआयएम’ फोल्डर उघडून फाइलची नक्कल करावी. ‘कट’ हा पर्याय टाळावा.

४. प्रत्येक भेटीसाठी तारीख, गाव व पीक यांच्या नावाने नवा फोल्डर करावा. कॅमेऱ्यातील क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतात. सर्व चित्रे एकाच फोल्डरमध्ये टाकल्यास त्याच नावाचे जुने चित्र नव्याखाली नाहीसे होण्याचा धोका असतो.

५. दोन्हीकडील फाइलची संख्या व एकूण आकार जुळवावा. पहिले, मधले आणि शेवटचे चित्र उघडून पाहावे.

६. दुसरी प्रत अन्य डिस्कवर ठेवावी. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

संदेश आलाच तर आयात रद्द करावी, संगणक पुन्हा सुरू करावा, इतर प्रोग्रॅम बंद ठेवावेत आणि वरील पद्धतीने नक्कल करावी. चित्रे पाहताना एका वेळी पाच-दहाच उघडावीत. चुकून चित्रे पुसली गेली असल्यास त्या कार्डावर नवे छायाचित्र घेऊ नये. पुसलेली माहिती तिच्यावर नवी लिहिली जाईपर्यंत बहुधा कार्डावर शिल्लक असते आणि ती परत मिळवता येण्याची शक्यता राहते.

ओळखीसाठी पाठवताना

व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास ते आकाराने लहान होते आणि त्यासोबतची तारीख-वेळेची माहिती गळून जाते. ठिपक्यांसारख्या बारीक खुणाही अस्पष्ट होतात. म्हणून चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने पाठवावे. कॅमेऱ्यातील घड्याळ हंगामाच्या आरंभी बरोबर लावून घ्यावे. शंभर चित्रांपेक्षा नेमकी पाच पुरेशी होतात: अळीचे डोके, पाठीचा मागील भाग, संपूर्ण अळी मोजपट्टीसह, नुकसानीचे लक्षण आणि संपूर्ण झाड. सोबत गाव, पिकाचे वय आणि झालेल्या फवारण्या लिहाव्यात. निदान कळेपर्यंत मूळ चित्रे आणि शक्य असल्यास काही अळ्या जपून ठेवाव्यात.