संगणकातील मजकूर पुसणे : अर्थ आणि पद्धती

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. त्यानंतर शिधावाटप, शिष्यवृत्ती, बँक इत्यादी व्यवहारांच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील माणसांची माहिती उत्तरोत्तर संगणकांत साठत गेली. भिली, पावरी, मावची या बोलींच्या अभ्यासकांनी जमविलेली ध्वनिमुद्रणे, निवेदकांची नावे व गावे यांचे स्थानही आज संगणकच होय. असा संगणक मोडीत निघतो, तेव्हा त्यातील मजकुराचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

‘पुसणे’ हे क्रियापद पाटीवरून आले असल्याने येथे दिशाभूल करते. पाटी पुसली की अक्षर उरत नाही. संगणकात मात्र सामान्यतः केवळ सूचीतील नोंद जाते. ग्रंथालयातील पत्रसूचीतून एक पत्र काढून टाकले, तरी ग्रंथ फडताळात तसाच राहतो. तद्वत हार्ड डिस्कवरील मजकूर, त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, शाबूत असतो. डिस्क झटपट ‘फॉरमॅट’ केल्यानेही बहुधा सूचीच नवी होते. सिमसन गारफिंकेल व अभी शेलाट या संशोधकांनी अमेरिकेत जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार वाचता आलेल्या १२९ डिस्कांपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या.

यावर उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कवर नवे अंक लिहून जुने झाकणे. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी अशा ३५ आवृत्त्या सुचविल्या होत्या; परंतु आधुनिक चुंबकीय डिस्कला सामान्यतः एक पूर्ण आवृत्ती पुरेशी मानली जाते. सॉलिड स्टेट ड्राइव्हचे मात्र तसे नाही. तिच्यातील नियंत्रक झीज समान व्हावी म्हणून लेखनाच्या जागा बदलतो. त्यामुळे वरून लिहिलेले जुन्या मजकुरावरच पडेल, याची शाश्वती नसते. तिच्यासाठी उत्पादकाने अंतर्भूत केलेली निर्मूलनाची आज्ञाच वापरावी. मजकूर आरंभापासून कूटबद्ध असेल, तर कूटकिल्ली नष्ट केल्यानेही तो अवाच्य होतो. बंद पडलेल्या डिस्कचे तुकडे करणे हाच मार्ग उरतो.

तथापि, पुसण्यापूर्वी काय राखावयाचे याचा निर्णय होणे अवश्य आहे. वृद्ध निवेदकाचे ध्वनिमुद्रण एकदा नष्ट झाले की पुन्हा मिळत नाही. म्हणून प्रथम जतन करावयाच्या सामग्रीची प्रत घेऊन ती उघडून पाहावी. नंतर डिस्क पुसून खातरजमा करावी, तिच्या क्रमांकासह नोंद ठेवावी आणि शेवटी ती अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी. निवेदकाने आपली भाषा अभ्यासकाच्या स्वाधीन केलेली असते, भंगारवाल्याच्या नव्हे; हे भान संशोधनपद्धतीचेच एक अंग होय.