दुग्धज्वर : शिरेतून कॅल्शियम देताना घ्यावयाची खबरदारी

भरपूर दुधाची गाय अगर म्हैस व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या आत अडखळू लागते, खाली बसते, मान कुशीकडे वळवून सुस्त पडते आणि वेळीच उपचार न झाल्यास काही तासांत दगावते. या रोगास दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी जनावरास ताप नसतो; उलट त्याचे कान व पाय थंड पडतात. तिसऱ्या व त्यापुढील वेतात हा रोग अधिक आढळतो.

एक लिटर चिकात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. गायीच्या रक्तातील एकूण कॅल्शियम मात्र ३ ग्रॅमच्या आसपासच भरते. व्याल्याबरोबर चिकावाटे होणारा हा खर्च हाडांतून व वैरणीतून त्वरित भरून न निघाल्यास रक्तातील कॅल्शियम घटते. त्यामुळे स्नायू लुळे पडतात, रवंथ थांबते, हृदयाचे आकुंचन दुर्बळ होते व रक्तदाब उतरतो. कॅल्शियमची ही उणीव १९२५ साली स्कॉटलंडमधील ड्रेअर व ग्रेग या संशोधकांनी दाखवून दिली आणि उपचाराची दिशा निश्चित झाली.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे द्रावण मानेच्या शिरेतून देणे हा यावरील खात्रीचा उपाय होय. परंतु जे औषध हृदयास बळ देते तेच घाईने दिल्यास हृदय बंद पाडते. म्हणून हे काम पशुवैद्यकाचेच आहे. बाटली प्रथम अंगाच्या तपमानाइतकी कोमट करतात. सुई शिरेतच आहे याची खात्री करून, नळीतील हवा काढून, ४०० ते ५०० मिलिलिटर द्रावण १० ते २० मिनिटांत सावकाश सोडतात. या सर्व वेळात पशुवैद्यक हृदयाचे ठोके ऐकत असतो. ठोके अनियमित होताच द्रावण थांबवितो. बाटली उंच धरून अथवा दाबून औषध लवकर संपविण्याचा आग्रह मालकाने धरू नये. कासदाह किंवा अन्य विषबाधेने आडव्या पडलेल्या जनावरास तर हे औषध अधिकच धोक्याचे असते. म्हणून आधी निदान आवश्यक आहे.

पशुवैद्यक येईपर्यंत मालकाने पुढील गोष्टी कराव्यात :

१. जनावर कुशीवर पडू देऊ नये. दोन्ही बाजूंस गवताच्या पेंढ्या लावून छातीवर बसते ठेवावे. अन्यथा पोट फुगते.

२. तोंडावाटे पाणी, तेल वा काढा पाजू नये. गिळण्याची शक्ती मंदावल्याने तो फुप्फुसात जातो.

३. अंगावर गोणपाट घालावे व खाली मऊ अंथरूण करावे.

४. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर त्वरित कळवावे.

औषध लागू पडल्यावर अंगास कंप सुटतो, ढेकर येतात, जनावर शेण टाकते व बहुधा उठून उभे राहते. तथापि रोग उलटण्याचा संभव असल्याने पुढील दोन दिवस नजर ठेवावी आणि कास पूर्ण रिकामी न करता वासरापुरताच चीक काढावा. जनावर पुन्हा बसल्यास उरलेली बाटली स्वतः न टोचता पशुवैद्यकास पुनश्च बोलवावे.