अलारिक : सनदेसाठी झुंजलेला सेनानी

इ. स. ४१० च्या ऑगस्ट महिन्याच्या २४ तारखेस गॉथांचा राजा अलारिक याच्या फौजेने सालारियन वेशीतून रोम नगरात प्रवेश केला आणि तीन दिवस ते लुटले, एवढी एकच घटना सर्वत्र परिचित असल्यामुळे या पुरुषाची मूर्ती आपल्या मनात रानटी विध्वंसकाची म्हणूनच ठसलेली असते. परंतु त्यापूर्वीची पंधरा वर्षे तो रोमन दरबाराकडे काय मागत होता, हे पाहू लागल्यास निराळेच चित्र उभे राहते. सेनापतिपदाची सनद, आपल्या लोकांच्या वस्तीसाठी मुलूख आणि त्यांच्या पोटासाठी धान्य, या तीन मागण्यांभोवती त्याच्या साऱ्या स्वाऱ्या फिरतात. रोमची लूट हा त्याच्या राजकारणाचा पराभव होता.

या वैराची मुळे जुनी होती. हूणांच्या रेट्यामुळे इ. स. ३७६ मध्ये गॉथ डॅन्यूब ओलांडून आश्रयास आले, तेव्हा सरहद्दीवरील रोमन अंमलदारांनी त्यांच्या उपासमारीचा असा बाजार मांडला की, कुत्र्याच्या मांसासाठी पोटची पोरे गुलाम म्हणून विकण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यातून उठलेल्या बंडात ३७८ साली एड्रियानोपल येथे सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. पुढे ३८२ च्या तहाने थिओडोसियसने त्यांना साम्राज्यातच जमीन दिली व मोबदल्यात लष्करी चाकरी घेतली. ३९४ साली फ्रिजिडस नदीकाठच्या लढाईत याच सम्राटासाठी अलारिकचे गॉथ बिनीवर लढले. ऑरोसियस या इतिहासकाराच्या मते त्यांचे दहा हजार लोक तेथे पडले. इतके रक्त सांडूनही रोमन सैन्यातील मानाचे अधिकारपद अलारिकाला लाभले नाही.

पुढील वर्षी थिओडोसियस निवर्तला आणि पूर्वेचे राज्य आर्केडियसकडे, तर पश्चिमेचे अवघ्या दहा वर्षांच्या होनोरियसकडे गेले. अलारिकाने थर्मोपिली ओलांडून ग्रीस तुडविला. कॉरिंथ, आर्गोस आणि स्पार्टा ही नगरे त्याच्या हाती पडली. पश्चिमेचा सूत्रधार स्टिलिको त्याच्यावर चालून आला, परंतु त्याला निर्णायक यश आले नाही. उलट पूर्वेच्या दरबाराने अलारिकालाच इलिरिकमचे सेनापतिपद देऊन टाकले आणि सरकारी कारखान्यांतील शस्त्रांनी त्याची फौज सज्ज झाली. ४०१ साली तो इटलीत उतरला. ४०२ मध्ये ईस्टरच्या दिवशी पोलेंशिया येथे स्टिलिकोने त्याच्यावर हल्ला करून त्याची छावणी घेतली; तरीही या स्वारीच्या धास्तीने पश्चिमेचा दरबार मिलान सोडून दलदलीने वेढलेल्या राव्हेन्ना नगरात जाऊन बसला.

ऑगस्ट ४०८ मध्ये दरबारी कारस्थानाला बळी पडून स्टिलिकोचा शिरच्छेद झाला. इटलीतील शहरांत राहणाऱ्या परकीय शिपायांच्या बायकामुलांची कत्तल झाली आणि ते संतप्त शिपाई, झोसिमस या इतिहासकाराच्या लेखणीप्रमाणे तीस हजारांच्या संख्येने, अलारिकाला जाऊन मिळाले. त्याच वर्षी रोमला वेढा पडला. टायबर नदीवरून येणारी धान्याची रसद तुटताच नगरात दुष्काळ व रोगराई माजली आणि सिनेटने खंडणी कबूल केली : ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० किरमिजी कातडी आणि ३,००० पौंड मिरी. मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांनी जाणारी ही मिरी सोन्याचांदीच्या पंक्तीस बसावी, यावरून तिचे मोल ध्यानी येते.

खंडणी घेऊनही अलारिकाचे समाधान झाले नाही, कारण खंडणी एकदाच मिळते. त्याला कायमची तजवीज हवी होती. ४०९ साली अरिमिनम येथील वाटाघाटींत त्याने वार्षिक सोने व धान्य यांसह व्हेनेशिया, नोरिकम आणि डाल्मेशिया हे प्रांत मागितले. होनोरियसने पैसा व धान्य देण्याची तयारी दाखविली, परंतु सेनापतिपद साफ नाकारले. संतापाचा आवेग ओसरल्यावर अलारिकाने बिशपांना वकील करून पाठविले आणि पद व सोने दोन्ही सोडून केवळ डॅन्यूबकाठचा नोरिकम आणि सम्राटास योग्य वाटेल तेवढे धान्य मागितले. विजयी पक्षाने इतके खाली उतरावे, हे विलक्षणच. पण दरबारातील अधिकारी अलारिकाशी तह न करण्याची सम्राटाच्या मस्तकाची शपथ घेऊन बसले होते आणि देवाची शपथ मोडली तर देव क्षमा करील, सम्राटाची मोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती!

मग अलारिकाने रोमचा नगराधिकारी ॲटॅलस यास सम्राट बनविले आणि त्याच्याकडून हवे ते पद मिळविले. परंतु आफ्रिकेचा सुभेदार हेराक्लियन याने धान्याची जहाजे रोखली आणि ॲटॅलस तेथे गॉथ फौज पाठविण्यास धजेना. म्हणून ४१० च्या उन्हाळ्यात अलारिकाने त्याला पदच्युत करून होनोरियसशी पुन्हा बोलणी आरंभिली. ती चालू असतानाच सारस नावाच्या रोमच्या चाकरीतील गॉथ सरदाराने अकस्मात छापा घातला. आता बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तरीही लुटीच्या त्या तीन दिवसांत संत पीटर व संत पॉल यांच्या मंदिरांत आश्रय घेतलेल्यांना अभय मिळाले.

लुटीने सोने मिळाले, धान्य नव्हे. आफ्रिकेकडे जाण्यासाठी अलारिक दक्षिणेस वळला, पण वादळाने जहाजे बुडाली आणि त्याच वर्षी कोन्सेंशियाजवळ तो आजारी पडून मरण पावला. पुढे ४१६ साली होनोरियसच्याच दरबाराने, रोमहून नेलेली सम्राटभगिनी गाला प्लासिडिया परत मिळावी म्हणून, गॉथांना सहा लाख माप धान्य दिले आणि ४१८ मध्ये ॲक्विटेनियात वसविले. जे नऊ वर्षांपूर्वी एका सीमाप्रांताच्या मोलावर पटणार होते, ते राजधानीची अब्रू घालवून मान्य करावे लागले. या दिरंगाईचा दोष अलारिकाहून राव्हेन्नाच्या मुत्सद्द्यांच्या माथी अधिक बसतो.