लेख लिहिण्यापूर्वी

गवंडी चिरा बसविण्यापूर्वी दोरी धरून पाया आखतो. लेखाचेही तसेच आहे. परंतु आमचे बहुतेक विद्यार्थी कागद पुढे ओढतात, एक भारदस्त वाक्य लिहितात आणि तिसऱ्या वाक्याशी अडून बसतात. वर्तमानपत्रासाठी लिहिताना ही घाई विशेष महागात पडते. कारण तेथील वाचक हा परीक्षक नव्हे. तो गुण देत नाही, छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवतो.

एक उदाहरण देतो. आमच्या एका विद्यार्थ्याने केरी-तेरेखोल फेरीबोटीवर लेख लिहून आणला. धक्क्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशांचे वर्णन त्याने फार सुरेख केले होते. मात्र शेवटी साऱ्या विलंबाचा दोष बोटीवरील माणसांच्या आळसावर टाकला होता. लेख धाडण्यापूर्वी आम्ही त्यास आराखडा करावयास सांगितले.

आराखड्याची रीत सोपी आहे. कागदाच्या माथ्यावर आपणांस काय सांगावयाचे ते एका वाक्यात लिहावे. हे वाक्य जमत नसेल, तर विषय अजून हाती आला नाही असे समजावे. त्याखाली तीन रकाने पाडावेत : स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि अद्याप विचारावयाचे. 'बोट उशिरा सुटली' हे वाक्य पहिल्या रकान्यात बसले. 'माणसे आळशी आहेत' हे कोठे घालावे? ते त्याने पाहिले नव्हते, कोणाकडून ऐकलेही नव्हते. तो केवळ तर्क होता. सबब ते तिसऱ्या रकान्यात गेले आणि आमचा लेखक धक्क्यावर गेला.

तेथे त्यास कळले की, 'सुकती' लागली म्हणजे पाणी इतके ओसरते की बोट धक्क्यास लावता येत नाही. त्याने ओळीने चार दिवस वेळा टिपल्या. बोट थांबण्याची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकत होती. मग भूगोलाचे पुस्तक उघडले. भरती-ओहोटी चंद्राच्या गतीमुळे रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे पाठ केलेले वाक्य त्यास आता प्रथमच उमगले. लेखाचे माथ्यावरचे वाक्यच बदलले : 'ओहोटीच्या वेळा धक्क्यावर फळ्यावर लिहाव्यात.' एका निरपराध माणसावरील आरोप टळला आणि गावास उपयोगी अशी सूचना हाती आली.

यानंतर क्रम ठरवावा. निबंधात मुख्य मुद्दा शेवटी आला तरी चालतो. वर्तमानपत्रात तो आरंभीच यावा. जागा अपुरी पडली, तर मजकूर बहुधा खालूनच कापला जातो. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा. आपण घरी व धक्क्यावर कोंकणी बोलतो. माहिती तिच्यातच विचारावी, म्हणजे माणूस मोकळेपणाने सांगतो. मराठीत लिहिताना 'सुकती'ची 'ओहोटी' खुशाल करावी. सांगणाराचा आशय मात्र बदलू नये.

केरीहून फार दूर नसलेल्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत पहिले मराठी वृत्तपत्र काढले आणि त्यास 'दर्पण' हे नाव दिले. दर्पणात समोर असेल तेच दिसावे, ही अपेक्षा त्या नावातच आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढील अंकासाठी लेख देताना त्यासोबत तीन रकान्यांचा कागदही आम्हांस दाखवा. त्यातील तिसरा रकाना आम्ही प्रथम पाहू.