शोधा डोळ्यांनी, कापा कानांनी

तासाभराच्या मुलाखतीतून चार मिनिटांचा कार्यक्रम काढायचा, तर संकलकाचा निम्मा वेळ शोधण्यातच जायचा. पाहुणे पुनर्वसनाबद्दल नेमकं कधी बोलले, सतराव्या मिनिटाला की एक्केचाळिसाव्या? वृत्तवाहिन्यांत या कामाला लॉगिंग म्हणतात आणि ते बहुधा नव्याने लागलेल्या पोराच्या गळ्यात पडतं. हेडफोन लावायचा, बाइट ऐकायची, टाइमकोड आणि चार खुणेचे शब्द लिहून ठेवायचे. आता हे काम संकलनाचं सॉफ्टवेअरच करू लागलंय. ध्वनी त्याच्या हवाली केला की थोड्या वेळात सगळं बोलणं बाजूच्या चौकटीत मजकूर म्हणून उमटतं. त्यातल्या शब्दावर क्लिक केलं की टाइमलाइन थेट तिथे जाते. वाक्य निवडून खोडलं, की चित्र आणि आवाजही तेवढाच कापला जातो.

कल्पना जुनीच आहे. ॲडोबीच्या प्रीमियर प्रोमध्ये 2008 सालीच बोलणं टिपण्याची सोय आली होती. तिच्यावर विसंबणं अवघडच होतं, आणि 2014 मध्ये कंपनीने ती काढून टाकली. 2021 मध्ये ती नव्या अवतारात परतली आणि 2023 मध्ये मजकुरावरून संकलन करण्याची सोय जोडली गेली. त्याच वर्षी दाविंची रिझॉल्व्हच्या सशुल्क आवृत्तीतही हे आलं. डिस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर तर या एकाच कल्पनेभोवती उभं राहिलंय. फुकटात काम भागवायचं असेल तर केडेनलाइव्ह आहे, नुसत्या आवाजासाठी ऑडॅसिटी आणि तिला जोडायचं इंटेलचं प्लगइन आहे. या दोन्हींत ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारं यंत्र वापरता येतं.

व्हिस्परचं काम कसं चालतं ते थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण त्याच्या चुका तिथूनच निघतात. आवाजाचे सेकंदाला 16 हजार नमुने घेतले जातात, 30 सेकंदांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचं एक चित्र बनतं: कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती जोर. ते चित्र पाहून यंत्र एकामागून एक अक्षरगट लिहितं, आणि लिहिताना ‘आत्तापर्यंतच्या मजकुरानंतर काय येणं शोभेल’ हेही पाहतं. म्हणजे ते जितकं ऐकतं तितकंच अंदाजही बांधतं. म्हणून त्याची चूक चुकीसारखी दिसत नाही. टंकलेखकाची चूक डोळ्यांत खुपते; इथे वाक्य सुरळीत असतं, फक्त ते कुणी बोललेलं नसतं. बोलण्यात लांब विराम आला तर असा मजकूर उगवण्याची शक्यता वाढते. वाचाघात झालेल्या आणि न झालेल्या इंग्रजी भाषकांच्या ध्वनिमुद्रणांवरचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 1 टक्का तुकड्यांत व्हिस्परने अख्खी वाक्यं किंवा वाक्यांश पदरचे घातलेले आढळले.

मराठीचं काय? व्हिस्पर शिकवलं गेलं ते 6 लाख 80 हजार तासांच्या ध्वनीवर. त्यात इंग्रजी सोडून उरलेल्या 96 भाषांचा, त्या त्या भाषेतच लिहिलेला मजकूर सोबत असलेला ध्वनी सगळा मिळून 1 लाख 17 हजार तास. त्या गर्दीत मराठी. भाषा आपोआप ओळखायला सांगितली तर यंत्र मराठीला हिंदी समजून बसू शकतं आणि ‘ळ’चा ‘ल’ होऊ शकतो. म्हणून भाषा आपण निवडावी, हा पहिला नियम.

मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारत या गटाने मजकुरासह मिळणाऱ्या ध्वनीच्या तुटवड्यावर फार हुशार तोड काढली. आकाशवाणीच्या बातमीपत्रांचा आवाजही उपलब्ध असतो आणि त्यांची लिखित प्रतही. दोन्ही जुळवून त्यांनी ‘श्रुतलिपी’ हा 12 भाषांचा, 6,400 तासांहून मोठा संग्रह तयार केला. त्यात मराठी आहे. मात्र अशा संग्रहावर शिकलेलं यंत्र बातमी वाचणाऱ्याची मराठी शिकतं. वेंगुर्ल्याची मालवणी, धुळ्याची अहिराणी किंवा एकमेकांना तोडत चाललेल्या चर्चेतली तीन माणसं समोर आली की त्याचा गोंधळ होणारच.

यंत्र किती अचूक, हे सांगणाऱ्या आकड्यांकडेही जपून पाहावं. मोजण्याची रीत साधी आहे: चुकलेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचं. त्याआधी विरामचिन्हं वगैरे काढून मजकूर सारखा करतात. व्हिस्परसोबत इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी जे साधन मिळतं, ते या सफाईत देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेही कचऱ्यात टाकतं. त्याच्या लेखी ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ एकच. मराठीतल्या लिंग-वचनाचा अर्धा संसार मात्रांवर चालतो, आणि मोजणारा नेमक्या त्याच पुसून गुण देतो! जाहिरातीतला अचूकतेचा टक्का वाचताना मोजणी कशी केली, हे म्हणूनच विचारावं.

आता कात्रीकडे येऊ. मजकूर खोडून संकलन करणं इतकं सोपं झालंय की त्याचीच भीती वाटते. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘आम्ही पैसे घेतले नाहीत’ यातला शेवटचा शब्द हळू आवाजात गेला, यंत्राने तो गाळला आणि संकलकाने चौकटीत दिसला तेवढाच मजकूर ठेवला, तर माणूस कबुलीजबाब देऊन मोकळा. विराम आणि भरीचे शब्द एका क्लिकने काढून टाकण्याची सोयही अशीच. ‘म्हणजे’ हा शब्द कधी नुसता टेकू असतो, कधी पुढचं सगळं स्पष्टीकरण त्याच्यावर उभं असतं. आणि प्रश्नानंतर मंत्री चार सेकंद गप्प बसले, तर ती शांतता हेच उत्तर असू शकतं. शिवाय यंत्राने आखलेली शब्दाची सीमा पुष्कळदा थोडी पुढे-मागे असते. डोळ्यांना कट स्वच्छ दिसतो, पण कानाला अर्धा श्वास तुटलेला कळतो.

माझं मत सरळ आहे. मराठीसाठी हा मजकूर शोधसूची म्हणून आजच उत्तम आहे. नोंद म्हणून नाही. रफ कट त्याच्या आधाराने खुशाल लावा. पण जे वाक्य प्रसारित होणार, छापलं जाणार किंवा सबटायटल म्हणून पडद्यावर जाणार, ते मूळ आवाजाशी ताडून पाहा. माणसांची आणि गावांची नावं, आकडे आणि नकार आधी तपासा; सत्तावन्न आणि सत्त्याण्णव यांत यंत्रच काय, माणूसही फसतो. प्रीमियरमध्ये सबटायटलची जोडाक्षरं फुटत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडा. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट असेल तर ती मजकूर करून देणाऱ्या फुकटच्या संकेतस्थळावर चढवू नका. व्हिस्पर हे काम तुमच्याच संगणकावर करू शकतं.

गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, ओव्या, संपाच्या आणि दुष्काळाच्या हकिकती ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना एक विनंती. मजकूर हाती आला म्हणून मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका. दाबून लहान केलेली प्रत ठेवून मोठी फाइल उडवण्याचा मोहही टाळा. आज अहिराणीत अडखळणारं यंत्र उद्या सुधारेल, तेव्हा त्याला ऐकवायला तो आवाज शिल्लक असला पाहिजे.